टर्बोअधिभरित मोटरगाडी एंजिन : फेरबदल व दोषनिवारण यांचा इतिहास

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंच्या ऊर्जेवर टरबाइन फिरवून, त्याच दंडावर बसविलेल्या संपीडकाच्या साहाय्याने सिलिंडरांत वातावरणीय दाबापेक्षा अधिक दाबाची हवा भरण्याच्या पद्धतीस टर्बोअधिभरण म्हणतात. जादा हवेमुळे तेवढ्याच आकारमानाच्या एंजिनात अधिक इंधन जाळता येते व शक्ती वाढते. अशा एंजिनातील फेरबदलांचा व दोषांचा इतिहास मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरतो : वाढलेला दाब व उष्णता यांचे नियंत्रण कसे करावयाचे व ते कोणावर सोपवावयाचे?

उगम : स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे एकस्व घेतले. १९२० नंतरच्या दशकात ती जहाजांच्या डीझेल एंजिनांत यशस्वी झाली. डीझेल एंजिनात केवळ हवाच दाबली जाते व इंधन नंतर सोडले जाते. कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल एंजिनात मात्र हवा व इंधन यांचे मिश्रणच दाबले जाते. दाब व तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेटते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यास आघाती ज्वलन किंवा व्यवहारात ‘नॉकिंग’ म्हणतात. ते तीव्र झाल्यास दट्ट्याचा माथा वितळतो, कड्यांमधील धातू तुटतो किंवा गॅस्केट फुटते.

मोटरगाड्यांतील प्रारंभ : १९६२ मध्ये जनरल मोटर्सच्या दोन विभागांनी अशा गाड्या बाजारात आणल्या. ओल्डस्मोबील जेटफायरच्या ३.५ लिटर एंजिनाची शक्ती २१५ अश्वशक्ती होती. त्याचे संपीडन गुणोत्तर १०.२५ इतके उच्च ठेवल्याने आघाती ज्वलन टाळण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एंजिनात सोडावे लागे. या द्रवाच्या बाष्पीभवनाने आत जाणारे मिश्रण थंड होई. टाकी रिकामी झाल्यास अधिभरण आपोआप मर्यादित केले जाई. तथापि टाकी वेळेवर भरण्याची जबाबदारी मालकावर होती आणि अनेकांनी ती पाळली नाही. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली. पुढे कित्येक गाड्यांवरील अधिभारक काढून साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला.

शेव्हरोले कॉर्व्हेअरमध्ये वेगळी दाबनियंत्रक झडप नव्हती. कार्ब्युरेटर व सायलेन्सर यांच्या अवरोधामुळेच दाब मर्यादित राही. म्हणून मोकळा सायलेन्सर बसविण्याचा निरुपद्रवी वाटणारा फेरबदलही दाब वाढवून एंजिनास धोक्यात आणू शके. एक भाग बदलल्यास इतर भागांचा समतोल ढळतो, हा धडा येथे स्पष्ट झाला.

नियंत्रणाचा विकास : १९७७ मध्ये सादर झालेल्या साब ९९ टर्बो या स्वीडिश गाडीत संपीडन गुणोत्तर कमी ठेवून, जादा निष्कास वायू टरबाइनला वळसा देऊन सोडणारी ‘वेस्टगेट’ झडप वापरली होती. त्याच वर्षी रेनोने फॉर्म्युला वन शर्यतींत १.५ लिटरचे टर्बो एंजिन उतरविले. वारंवार बिघाड सोसल्यानंतर त्यास पहिला विजय १९७९ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये लाभला.

यापुढील महत्त्वाची पायरी म्हणजे आघाती ज्वलन ओळखणारा संवेदक होय. १९७८ च्या ब्यूक टर्बो गाड्यांत त्याच्या संकेतानुसार ठिणगी उशिरा पाडली जाई. १९८० नंतरच्या दशकारंभी साबने एंजिनाच्या ठोकळ्यावरील संवेदकाने कंपने टिपून अधिभरण दाबच कमी करणारी योजना आणली. परिणामी कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवरही एंजिन सुरक्षित राहू लागले. जेटफायरमध्ये मालकावर असलेली दक्षतेची जबाबदारी येथे यंत्रणेकडे गेली.

फेरबदल व दोषनिवारण : वेस्टगेटचे नियंत्रण बदलून किंवा संगणकीय नियंत्रकातील मूल्ये पालटून दाब वाढविणे सोपे असते. परंतु इंधन पंप, अंतःक्षेपक व हवा थंड करणारा आंतरशीतक यांची क्षमता त्याबरोबर वाढत नाही. इंधन अपुरे पडल्यास मिश्रण विरळ होते, तापमान चढते व आघाती ज्वलन सुरू होते. नियंत्रकाने ठिणगी मागे घेतल्यास आवाज ऐकू येत नाही. फक्त शक्ती घटते. अशा वेळी दाब आणखी वाढविणे घातक ठरते.

म्हणून तपासणीस क्रम लागतो. प्रथम संपीडकापासून सिलिंडरांपर्यंतच्या नळ्यांतील गळती व वेस्टगेटची नळी पाहतात. ही नळी निसटल्यास झडप उघडत नाही व दाब अनिर्बंध वाढतो. नंतर भाराखालील इंधनदाब व निष्कास वायूंतील ऑक्सिजनाचे प्रमाण मोजतात. प्लगवरील ॲल्युमिनियमाचे सूक्ष्म कण दट्ट्या झिजत असल्याचे सूचित करतात. प्रत्येक सिलिंडरचा संपीडन दाब मोजून ही शंका पडताळतात. निळसर धूर हा अधिभारकाच्या धारव्यांतून तेल गळत असल्याचे लक्षण असू शकतो. मात्र झिजलेली कडी किंवा तुंबलेली तेल परतनळी यांमुळेही तो निघतो, तेव्हा अधिभारक बदलण्यापूर्वी ही कारणे तपासणे आवश्यक असते.

निर्मात्याने इंधनाची प्रत, हवामान व झीज यांसाठी राखलेली सुरक्षा-मर्यादा फेरबदलांत खर्ची पडते. ती जितकी कमी होते, तितकी दक्षतेची जबाबदारी पुन्हा मालकाकडे व त्याच्या तंत्रज्ञाकडे येते.