शुद्धीत लिहिलेला शब्द

हैदराबादच्या गौलीगुडा-जांबाग भागात मराठी माणसाचे बिऱ्हाड फार जुने आहे. तेथील विवेकवर्धिनी १९०७ सालची. आपल्या पश्चात घराचे, दागिन्यांचे काय व्हावे, हे अशा घरांतील वडील मंडळी मृत्युपत्रात लिहून ठेवीत आली. परंतु आपण हयात असताना बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, तर आपल्या देहाला कोणी कसा हात लावावा, हे लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे कधीच नव्हती. कायद्यालाही ती ठाऊक नव्हती.

१८५८ साली ब्रिटिश हिंदुस्थानात वेडाविषयी तीन कायदे झाले. त्यांपैकी दोहोंचा मुख्य रोख वेड्याच्या मालमत्तेवर होता, तिसरा वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी. सरकारला प्रथम काय दिसले, हे यावरून उघड होते! पुढे १९१२ चा कायदा आला. नातेवाइकाने अर्ज करावा, दोन डॉक्टरांनी दाखले द्यावेत, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावा, आणि माणूस आत जावा. स्वखुशीने दाखल होण्याची एक चिंचोळी वाट होती खरी. पण एरवी ज्याच्याविषयी हे सारे चाले, त्याचे म्हणणे ऐकण्याची जागाच त्या कागदांत नव्हती. निजामाच्या राज्याचे वेड्यांचे इस्पितळ एके काळी आपल्या मराठवाड्यात, जालन्यास होते. पुढे ते हैदराबादेस एरागड्डा येथे आले. १९८७ च्या कायद्याने 'वेडा' हा शब्द टाकून 'मनोरुग्ण' म्हटले. नाव सुधारले, रुग्णाचा आधीचा शब्द मात्र बाहेरच राहिला.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी जखडलेले रुग्ण पळू शकले नाहीत. अठ्ठावीस माणसे गेली. त्यांना कोणी कधी विचारले असते, तर त्यांनी काय सांगितले असते?

असा प्रश्न आधीच विचारून ठेवावा, ही कल्पना पश्चिमेकडे निघाली होती. सक्तीच्या उपचारांचे कडवे टीकाकार थॉमस साझ यांनी १९८२ साली 'मानसोपचाराचे मृत्युपत्र' सुचविले. ग्रीक कथेतला युलिसिस आपल्याला डोलकाठीस बांधून घेतो आणि 'मागाहून मी कितीही ओरडलो तरी सोडू नका' असे खलाशांना बजावतो. तोही दाखला या संदर्भात देतात. भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००७ साली मान्य केला आणि जुना कायदा बदलणे भाग पडले. नव्या मसुद्याच्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रातील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता, हे मराठी श्रोत्यांनी ध्यानी ठेवावयास हरकत नाही.

हा कायदा २०१७ चा. अमलात आला २०१८ साली. गौलीगुड्याच्या बसस्थानकाचे निजामकालीन लोखंडी छप्पर कोसळले, तेच हे साल. कायद्याच्या पाचव्या कलमाने प्रत्येक सज्ञान माणसास आगाऊ निर्देश लिहिण्याचा हक्क दिला. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात सांगावयाचे. पूर्वी आजार झालेला असो वा नसो, त्याने अडत नाही. मला सर्वांत मोलाची वाटते ती तिसरी गोष्ट. प्रतिनिधी रक्ताच्या नात्याचाच हवा असे नाही. ज्या भावाने मागच्या खेपेस कोंडून ठेवले, त्याच्याऐवजी शेजारच्या मैत्रिणीचे नाव घालता येते, आणि कायद्याच्या क्रमात तिचा मान नातेवाइकांच्या आधी लागतो. ज्या समाजात रुग्ण हा कुटुंबाचा मानला जातो, तेथे हे थोडे नव्हे.

मर्यादाही आहेत. निर्णयाची शक्ती गेली तरच तो लेख लागू होतो. ती परत येताच त्याचा अंमल थांबतो. तातडीच्या उपचारांस तो आड येत नाही. डॉक्टरांना वा नातेवाइकांना तो पटला नाही, तर पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. आणि लेख वेळेवर डॉक्टरांच्या हाती पोहोचविण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर व त्याच्या प्रतिनिधीवर टाकलेली आहे. गौलीगुड्याच्या कपाटात ठेवलेला कागद एरागड्ड्याच्या दारापर्यंत कोणीतरी घेऊन जावा लागतो.