तोताचश्म कोण?

उर्दूच्या तासाला मुहावरे शिकवताना दरवर्षी एक शब्द येतो : तोताचश्म. पोपटासारखे डोळे फिरवणारा, म्हणजे बेवफा. मराठीच्या तासाला दुसरा येतो : पोपटपंची. अर्थ न समजता केलेली बडबड. दोन्ही भाषांनी मिळून या पक्ष्यावर दोन आरोप ठेवले आहेत, त्याला निष्ठा नाही आणि अक्कलही नाही. राखाडी अंगाच्या, लाल शेपटीच्या आफ्रिकन ग्रे पोपटाचा इतिहास पाहिला की दोन्ही आरोप डळमळतात.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये रिचमंडची डचेस फ्रान्सिस स्ट्युअर्ट हिचा मेणाचा पुतळा आहे आणि पेंढा भरून जतन केलेला तिचा ग्रे पोपटही. तो सुमारे चाळीस वर्षे तिच्याजवळ होता. १७०२ मध्ये ती वारली आणि थोड्याच दिवसांत पोपटही गेला, असे सांगतात.

दुसऱ्या आरोपाचे उत्तर ॲलेक्सने दिले. १९७७ मध्ये आयरिन पेपरबर्ग यांनी शिकागोच्या एका दुकानातून हा ग्रे पोपट विकत घेतला. तो शंभराहून अधिक शब्द शिकला. समोरच्या वस्तूचा रंग, आकार, ती कशाची बनली आहे, हे विचारल्यावर सांगू लागला. सहापर्यंत मोजू लागला. २००७ मध्ये, ३१ व्या वर्षी तो गेला, तोवर पोपट नुसती नक्कल करतो हे म्हणणे अवघड झाले होते.

पण हाच गुण त्याच्या मुळावर आला. बोलणारा पक्षी म्हणून पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या जंगलांतून तो पकडला गेला. पकडलेला एक पोपट झाडावर बांधायचा, फांद्यांना चिकट डिंक लावायचा. त्याच्या हाकेला थवा उतरला की अडकला. १९७५ पासून चार दशकांत १२ लाखांहून अधिक जंगली ग्रे पोपट निर्यात झाले. वाटेत मेले ते वेगळेच. घानासारख्या देशात तो जवळजवळ दिसेनासा झाला. अखेर २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत जंगलातून पकडलेल्या ग्रे पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली आणि जानेवारी २०१७ पासून ती लागू झाली. आपल्याकडेही २०२४ च्या नियमांनुसार तो पाळणाऱ्याला 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

नोंदणी होईल, पण पुढे काय? हा थव्यात राहणारा पक्षी. एकटा पडला की स्वतःचीच पिसे उपटतो. नीट सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षे जगतो. माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाने आज पिल्लू घरी आणले, तर बहुधा मीच त्याच्याआधी जाईन. मुले नोकरीसाठी बाहेरगावी, घराला कुलूप आणि पिंजऱ्यातला पोपट माझ्याच आवाजात मला हाक मारत राहील.

मग तोताचश्म म्हणायचे कुणाला?