अर्ज लिहून देणारा माणूस

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा आज एकावर एक रचलेले कंटेनर, नजर पोचेल तेथवर पसरलेली गोदामे आणि अटल सेतूवरून उतरून चिर्ले-जासईच्या अंगाने धावणारी वाहने दिसतात; ती पाहणाऱ्यास ही सारी भूमी एके काळी भाताची आणि मिठाची होती, आणि येथील कुटुंबांचे वर्षाचे अन्न मातीच्या एका बांधाच्या भक्कमपणावर अवलंबून असे, हे सांगूनही खरे वाटणार नाही. जासई गाव आज उरण तालुक्यात मोडते. परंतु उरण हाच दीर्घकाळ पनवेल तालुक्याचा पोटविभाग होता, आणि हा मुलूख प्रथम ठाणे, नंतर कुलाबा आणि १९८१ पासून रायगड जिल्ह्यात गणला गेला. या खाडीकाठच्या पट्ट्यात उपाशी माणसाने अन्नासाठी कोणाकडे, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या कागदावर मागणी केली, त्याचा इतिहास पाहावा असे मला वाटले. कारण उरलेले अन्न भुकेल्यापर्यंत पोचविण्यासाठी धर्मादाय निधीकडे अर्ज करण्याची जी पद्धत आज रूढ होऊ लागली आहे, ती काही आकाशातून पडलेली नाही. तिला या मातीतच दीर्घ परंपरा आहे.

खारीची शेती म्हणजे समुद्राशी केलेला करार होय. भरतीचे पाणी अडविण्यासाठी बाहेरचा बांध घालावयाचा, पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडण्यासाठी उघाडी ठेवावयाची, आणि चारदोन पावसाळ्यांत माती गोडावली म्हणजे तीत भात लावावयाचे, असा तिचा क्रम. पनवेल-पेण परिसरात हे बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्री पद्धतीने चालत असे: शिलोत्रीदाराने बाहेरचा बांध सांभाळावा आणि त्याबद्दल कुळांनी सरकारी साऱ्याखेरीज धान्याचा ठराविक हिस्सा त्याला द्यावा, असा तो व्यवहार होता. अन्य काही ठिकाणी गावकरी स्वतःच श्रमदानाने बांध घालीत. परंतु उधाणाच्या एखाद्या रात्री बांधाला खांड पडली आणि खारे पाणी आत शिरले, की त्या वर्षाचे पीक तर जाईच, शिवाय मीठ धुऊन निघेपर्यंत पुढची दोनतीन वर्षेही जमीन नीट पिकत नसे. अशा कुटुंबाला आषाढ-श्रावणात, म्हणजे आवणी आटोपून नवे भात हाती येईपर्यंतच्या कठीण दिवसांत, खोताच्या किंवा सावकाराच्या दारी जाऊन खावटीचे धान्य उचलावे लागे, आणि सुगीला ते सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट करून, परत फेडावे लागे. या व्यवहारात अर्ज नव्हता. होता तो अंगठा.

मग त्या काळी अन्नदान नव्हते काय? होते, आणि उदार हस्ते होते. अहिल्याबाई होळकरांनी हिंदुस्थानभर घातलेली अन्नछत्रे, देवस्थानांची सदावर्ते, संस्थानिकांनी आणि पेशव्यांनी दिलेली इनामे यांची साक्ष दप्तरांतून जागोजागी मिळते. मात्र ते दान सनदेने मिळे, आणि सनद मिळे ती दरबारी पोच असलेल्या देवस्थानाच्या व्यवस्थापकास, मठाधिपतीस किंवा विद्वानास. अन्न मिळे ते वाटेवरच्या यात्रेकरूस, बैराग्यास, ब्राह्मणास. बांध फुटलेल्या कुळाचे नाव त्या सनदांत सापडत नाही. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला सर्व हक्कांची छाननी करण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा ज्याच्याजवळ कागद त्याचे इनाम टिकले आणि ज्याचा कागद वाळवीने खाल्ला त्याचे गेले. कागदाच्या राज्याचा आरंभ येथे झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

कागदाच्या पलीकडेही एक दान होते, आणि या प्रदेशातील अन्नाच्या इतिहासात मला ते सर्वांत मोलाचे वाटते. भाताची कापणी झाली, भारे खळ्यावर गेले, म्हणजे शेतात गळून राहिलेल्या लोंब्या, ज्यांना सरवा म्हणतात, त्या वेचण्यास कातकरी बाया येत. आणि उंदरांनी बिळांत साठविलेले भात कातकरी पुरुष खणून काढीत. त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नसे, आणि शेतकऱ्यालाही त्यात आपण काही दिले असे वाटत नसे. घरात उरलेला भात सकाळच्या न्याहारीला जाई, कण्यांची पेज होई, कोंडा गुरांना मिळे. उकिरड्यावर अन्न जाण्याची वेळ सहसा येत नसे. शेतात सांडलेले आणि घरात उरलेले अशा दोन्ही अन्नांना ठरलेली वाट होती, आणि त्या वाटेवर शिक्का मारणारा कोणी नव्हता.

इंग्रजी अमलात सरकारकडे अर्ज करून मदत मागण्याची रीतसर सोय झाली ती तगाईच्या रूपाने. १८८३ च्या जमीनसुधारणा कर्ज कायद्याखाली बांधबंदिस्तीसाठी आणि १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याखाली बी-बियाणे व बैल यांसाठी कर्ज मिळू शके. अर्ज मामलेदार कचेरीत द्यावयाचा, तलाठी-कुळकर्ण्याने जमिनीचा उतारा जोडावयाचा, चौकशी व्हावयाची, तारणाची खात्री पटावयाची आणि मग मंजुरी. खांड पडलेला बांध मात्र मंजुरीची वाट पाहत नाही. दर भरतीला ती खांड रुंदावत जाते. शिवाय तारणाला जमीन ज्याच्याजवळ आहे त्यालाच तगाई मिळावयाची. म्हणजे ज्याची निकड सर्वांत मोठी, त्याचाच अर्ज सर्वांत दुबळा ठरावयाचा. हा दोष तगाईबरोबर संपला असे मानण्यास मला आधार सापडत नाही.

याच पनवेल तालुक्यातील शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी करीत असताना आईच्या आजारपणात त्यांनी केलेला रजेचा अर्ज वेळेवर मंजूर झाला नाही आणि आईची अखेरची भेट चुकली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे १८७६-७८ च्या दुष्काळात त्यांनी दख्खनची उपासमार डोळ्यांनी पाहिली आणि १८७९ साली शस्त्र हाती घेतले. त्याच दुष्काळात दुसरा मार्ग चोखाळीत होती पुण्याची सार्वजनिक सभा. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेने, गणेश वासुदेव जोशी उर्फ सार्वजनिक काका आणि त्यांचे सहकारी यांच्या नेतृत्वाखाली, जिल्ह्याजिल्ह्यांतील पिकांची, गुरांची आणि मजुरांची माहिती गोळा करून सरकारकडे निवेदनांमागून निवेदने धाडली, आणि सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने दुष्काळी कामांवरील मजुरी घटविण्यात आली तेव्हा कामे सोडून गेलेल्या मजुरांचा कैवार घेतला.

या दोन मार्गांपैकी कोणता श्रेष्ठ, हा वाद येथे करावयाचा नाही. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वीस वर्षांनंतर घडले. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळनिवारणाची संहिता तयार झाली होती; पीक किती बुडाले म्हणजे साऱ्याची तहकुबी वा सूट द्यावी, काम कोणाला द्यावे, काम न करू शकणाऱ्यास शिधा कसा द्यावा, हे सर्व तीत लिहिलेले होते; पण ती होती इंग्रजीत आणि कचेऱ्यांच्या कपाटांत. १८९६ साली पाऊस दगा देऊन गेला तेव्हा टिळकांच्या प्रभावाखालील सार्वजनिक सभेने या संहितेचा आशय सोप्या मराठीत छापला, आपले प्रतिनिधी गावोगावी धाडले, आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत सभा भरवून रयतेला समजावून सांगितले की सूट मागणे हा अपराध नव्हे. ही भीक नसून सरकारने स्वतःच मान्य केलेला हक्क आहे. रयतेचे अर्ज लिहून देणारे हे तरुण सरकारला बंडखोरांहून कमी धोक्याचे वाटले नाहीत. काही प्रतिनिधींना खटल्यांना तोंड द्यावे लागले, आणि मार्च १८९७ मध्ये, रयतेच्या वतीने सरकारशी बोलणारी संस्था म्हणून सभेला असलेली मान्यताच मुंबई सरकारने काढून घेतली. जो कायदा स्वतः केला तो रयतेला वाचून दाखविल्याबद्दल ही शिक्षा! साक्षर माणसाने निरक्षराच्या बाजूला बसून त्याचा अर्ज लिहावा, या साध्या कृतीत केवढे सामर्थ्य असते, हे त्या सरकारने आपल्या रागातून जितके स्पष्ट सांगितले तितके दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही.

त्यानंतरच्या काळाचा धावता उल्लेख पुरे. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो वर्षानुवर्षे, उपासमार सोसून, चालविला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि धान्याला शिधापत्रिकेचा कागद कायमचा चिकटला. १९७० पासून नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी अधिसूचित झाल्या, आणि जासईच्याच भूमीत १९२६ साली जन्मलेले दि. बा. पाटील त्या शेतकऱ्यांचे पुढारी झाले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई-नवघरच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व मान्य झाले. हा विजय मोठा आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याची माझी बिलकूल इच्छा नाही. तरीही एक गोष्ट लिहून ठेवणे भाग आहे: भूखंड मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्यास; त्याच शेतात सरवा वेचणाऱ्या कातकरणीचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते, म्हणून तिच्या अन्नाची जी वाट बुजली तिचा मोबदला कोणी मागितला नाही, कोणी दिला नाही.

आता त्याच भूमीवर अन्न पूर्वीपेक्षा अधिक येते. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरातून धान्य, कडधान्ये, तेले, फळे यांची ये-जा चालते. भूखंडांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मंगल कार्यालयांत आणि शेतांच्या जागी पडलेल्या मांडवांत हळदीच्या आणि लग्नाच्या पंगती उठतात, आणि रात्री उशिरा मोठाली पातेली अर्धीअधिक भरलेली राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. अशा अन्नाला वाट काढण्याचा आधुनिक प्रयत्न १९६७ साली अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी काढून केला. मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ साली रोटी बँक सुरू केली. २०१९ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या संकलन-वाटपाचे विनियम केले. अशा कामाला लागणारा पैसा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमातून येऊ शकतो: ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यास द्यावी, आणि त्या कार्यांच्या अनुसूचीत भूक व कुपोषण यांचे निर्मूलन अगदी पहिल्या क्रमांकात आहे.

बंदराच्या आणि गोदामांच्या शेजारी राहून असे काम करू पाहणाऱ्या मंडळाला हा निधी हाताच्या अंतरावर आहे असे वाटावे. परंतु अर्ज करावयास बसले म्हणजे धर्मादाय कार्यालयाकडील नोंदणी, लेखापरीक्षित ताळेबंद, आयकराची बारा-अ आणि ऐंशी-जी प्रमाणपत्रे, कंपनी निबंधकाकडील नोंद आणि बहुतेक ठिकाणी तीन वर्षांच्या कामाचा पुरावा मागितला जातो. हिशेब मागण्यात गैर काही नाही. लोकांचा पैसा चोख वापरला जावा हे योग्यच आहे. अडचण निराळी आहे. अर्जाचा निर्णय महिन्यांनी लागतो आणि शिजवलेला भात काही तासांत विटतो. दात्याला ताटांची संख्या आणि छायाचित्रे हवीशी वाटतात, आणि मंडळाला खरी गरज असते ती रात्री अकराला मांडवावर येणाऱ्या टेम्पोची, शीतपेटीच्या वीजबिलाची आणि चालकाच्या पगाराची. ताटे मोजण्याच्या नादात टेम्पो नाकारला गेला, तर उरलेले अन्न मांडवातच राहते.

आता सरकारी मदतीकडे पाहू. २०२० साली करोनाच्या काळात महाराष्ट्र सरकारने आदिवासींसाठीच्या आपल्या जुन्या खावटी कर्जाचे खावटी अनुदानात रूपांतर केले, आणि पात्र आदिवासी कुटुंबास ४००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे शिधाजिन्नस, देण्याचे ठरविले. एके काळी दिढीने फेडावे लागणारे धान्य आता परतफेडीविना मिळणार, ही मोठीच प्रगती होती. पण तिथेही आधार, बँक खाते आणि जातीचा पुरावा ही कागदे आड येत. ती नसलेल्या कुटुंबाला कोणीतरी सोबत नेऊन खाते उघडून द्यावे, दाखला काढून द्यावा आणि फॉर्म भरून द्यावा लागे. १८९६ च्या सभेच्या तरुणांचे काम आजही संपलेले नाही. त्यांच्या जागी आज वाडीवर जाणारी अंगणवाडी सेविका असते, शाळेचा शिक्षक असतो, एखाद्या संघटनेचा कार्यकर्ता असतो, आणि त्यांतील बहुतेकांना या कामाचा वेगळा मोबदला कोणी देत नाही.

जासईच्या पट्ट्यातील एखादे मंडळ उरलेल्या अन्नासाठी निधीचा अर्ज करील, तेव्हा त्याने टेम्पो, शीतपेटी आणि चालकाचा पगार या तीन बाबी संकोच न करता अगदी वर लिहाव्यात. चौथी बाब वाड्यांवर फिरून कातकरी कुटुंबांच्या शिधापत्रिका, दाखले आणि खाती करून देणाऱ्या माणसाच्या मानधनाची असावी, आणि दात्याने खर्चात काटछाट सुचविली तर ती या चौथ्या बाबीत होऊ देऊ नये.