छापील कोडची गोष्ट

आज लिनक्स टाकताना एन्क्रिप्शनची पॅकेजेस आपसूक येतात. कुठल्या देशातून येतात, कोण बघतंय? नव्वदच्या दशकात मात्र ती अमेरिकेतून बाहेर पाठवणं गुन्हा ठरू शकत होतं. तिथल्या कायद्यात ताकदवान एन्क्रिप्शन म्हणजे चक्क युद्धसामग्री! परवान्याशिवाय निर्यात बंद.

फिल झिमरमनने १९९१ साली ईमेल गुप्त ठेवणारा पीजीपी हा प्रोग्रॅम सोर्सकोडसकट फुकट वाटला. इंटरनेटला कसली आलीय सीमा? तो जगभर पसरला आणि १९९३ मध्ये झिमरमनमागे फौजदारी चौकशी लागली. तीन वर्षं टांगती तलवार! शेवटी जानेवारी १९९६ मध्ये कुठलाही आरोप न ठेवता चौकशी बंद झाली.

खरी गंमत पुढेच आहे. फ्लॉपीवरचा कोड म्हणजे शस्त्र, पण तोच कागदावर छापला की पुस्तक! मग १९९७ मध्ये पीजीपी ५.० चा कोड छापला, पुस्तकं रीतसर युरोपात नेली. तिथे स्वयंसेवकांनी ६००० हून जास्त पानं स्कॅन केली, चुका सुधारल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा उभा केला.

डेबियनवाल्यांनी वेगळी वाट काढली. असली पॅकेजेस अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवरच ठेवली, म्हणजे निर्यातीचा प्रश्नच नको. जानेवारी २००० मध्ये नियम सैल झाले आणि २००२ मध्ये ती मुख्य संग्रहात आली.

आपण निवांत एंटर मारतो. पण त्यासाठी कुणीतरी तीन वर्षं तुरुंगाची भीती सोसली आणि कुणीतरी हजारो पानांतले चुकलेले कंस शोधत बसलं, एवढं लक्षात असू द्या.