हान्स ऑयलर आणि तीव्र क्षेत्रांतील निर्वात : एक ऐतिहासिक आढावा

‘निर्वात म्हणजे काहीच नसणे’ ही अभिजात भौतिकशास्त्रातील धारणा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोडीत निघाली. या परिवर्तनाच्या इतिहासात हायझेनबर्ग व श्विंगर ही नावे सर्वपरिचित आहेत. हान्स ऑयलर (१९०९–१९४१) यांचा वाटा मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

मॅक्सवेलच्या समीकरणांनुसार दोन प्रकाशशलाका परस्परांवर काहीही परिणाम न करता एकमेकींतून आरपार जातात. डिरॅक यांचा सिद्धान्त आणि १९३२ मधील पॉझिट्रॉनचा शोध यांमुळे या समजुतीला तडा गेला. प्रकाशातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी संभवत असेल, तर तिच्या क्षणिक माध्यमातून प्रकाशाने प्रकाशाचे प्रकीर्णनही व्हावयास हवे. लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांचे विद्यार्थी असलेल्या ऑयलर यांनी १९३५ मध्ये बर्नहार्ट कोकेल यांच्यासह हे गणिताने दाखविले. १९३६ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून तीव्र, परंतु सावकाश बदलणाऱ्या विद्युतचुंबकीय क्षेत्रांसाठी सर्वसाधारण सूत्र मांडले. मीटरला सुमारे १.३ × १०^१८ व्होल्ट इतक्या तीव्रतेच्या विद्युतक्षेत्रात निर्वातातूनच कणांच्या जोड्या लक्षणीय प्रमाणात निर्माण होतात. फ्रिट्झ साउटर यांच्या १९३१ च्या संशोधनात या मर्यादेची चाहूल होती. १९५१ मध्ये श्विंगर यांनी आधुनिक पद्धतीने तीच सिद्ध केली आणि पुढे ती त्यांच्याच नावाने रूढ झाली.

नाझी राजवटीत डाव्या विचारांच्या ऑयलर यांची घुसमट होत होती. महायुद्ध सुरू झाल्यावर ते स्वेच्छेने हवाई दलात दाखल झाले. जून १९४१ मध्ये अझोव समुद्रावरील टेहळणी उड्डाणावरून ते परतले नाहीत. त्यांचे वय तेव्हा अवघे ३१ वर्षांचे होते.

त्यांचे गणित मात्र टिकले. सर्न येथे शिशाच्या अणुकेंद्रकांचे झोत परस्परांजवळून नेले असता प्रकाशाने प्रकाशाचे प्रकीर्णन होत असल्याचा पुरावा ॲटलस प्रयोगगटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी २०१६ मध्ये एका न्यूट्रॉन ताऱ्याच्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणातही तीव्र चुंबकीय क्षेत्रातील निर्वाताच्या परिणामाचे संकेत मिळाले होते. केवळ स्थिर विद्युतक्षेत्राच्या बळावर निर्वातातून जोडी निर्माण करणे मात्र अद्याप प्रयोगशाळेच्या आवाक्यात आलेले नाही.

सारांश, ज्या टोकाच्या परिस्थितीचे साधन उपलब्ध नव्हते, तिचे नियम ऑयलर यांनी कागदावर निश्चित केले. प्रयोगाने त्यांना दुजोरा देण्यास आठ दशके लागली. तो पाहण्याइतके आयुष्य त्या काळाने त्यांना दिले नाही.