माळ्यावरचे गाणे

चर्चचे नाव घेऊन चर्चलाच खडसावणारे गाणे लिहायचे, आणि तेही चर्चमध्ये जन्मलेल्या चालीत! काट्याने काटा काढावा, तसा हा प्रकार. सप्टेंबर २०१३ मध्ये आयर्लंडच्या रुबीवर्क्स या छोट्या कंपनीने 'टेक मी टू चर्च' हे गाणे आणले. गायक होता अवघ्या तेवीस वर्षांचा अँड्र्यू होझियर-बर्न. जग त्याला नुसते होझियर म्हणते. त्याचे हे पहिलेच गाणे.

होझियर डब्लिनच्या दक्षिणेकडच्या विकलो परगण्यातला. वडील ब्लूज वाजवणारे ड्रमर, त्यामुळे कृष्णवर्णी अमेरिकेचे संगीत घरातच कानावर पडलेले. संगीताचे शिक्षण घ्यायला तो ट्रिनिटी कॉलेजात गेला आणि पहिल्याच वर्षी बाहेर पडला. पुढे 'अनूना' या वृंदात तो जुनी आयरिश गाणी गायला. या गाण्याचा कच्चा खर्डा त्याने आईवडिलांच्या घरी, माळ्यावर बसून ध्वनिमुद्रित केला.

आता थोडे मागे जाऊ. गॉस्पेल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले भक्तिगीत. एकाने हाक द्यायची, सगळ्यांनी साद द्यायची. १९५४ साली रे चार्ल्सने अशाच एका भक्तिगीताच्या वळणावर प्रेयसीचे गाणे बांधले. देवाची चाल बाईसाठी वापरली, म्हणून भाविक मंडळी संतापली. पण सोल संगीताची वाट तिथूनच रुंदावली. होझियर त्याच वाटेने आणखी पुढे गेला. प्रियकराच्या प्रेमालाच त्याने उपासना ठरवले, आणि प्रेमाला पाप म्हणणाऱ्या धर्मपीठाला जाब विचारला. ऑर्गन, एकात एक मिसळलेले आवाज, 'आमेन'चा गजर, सगळा थाट प्रार्थनेचा. म्हणूनच तो जाब जास्त झोंबतो, असे मला वाटते.

आयर्लंडमध्ये हा जाब पोकळ नव्हता. पुरुषांमधले समलिंगी संबंध तिथे १९९३ पर्यंत गुन्हा होते. 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या मुली आणि कुमारी मातांना नन चालवत असलेल्या मॅग्डालेन लाँड्रीत बिनपगारी कपडे धुवायला ठेवले जाई. त्यातली शेवटची लाँड्री बंद झाली १९९६ मध्ये. त्याबद्दल पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत माफी मागितली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये, म्हणजे गाणे येण्याच्या सातच महिने आधी.

गाण्याची कृष्णधवल चित्रफीत मात्र रशियाकडे बोट दाखवते. तिथे जून २०१३ मध्ये समलिंगी संबंधांच्या 'प्रचारा'वर बंदीचा कायदा झाला होता. चित्रफितीत दोन तरुणांचे प्रेम आहे, आणि त्यांच्यावर तुटून पडणारा मुखवटेवाल्यांचा जमाव. यूट्यूबवरून ती देशोदेशी पोचली. गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, ग्रॅमीचे नामांकनही मिळाले.

२२ मे २०१५ रोजी आयर्लंडने समलिंगी विवाहावर सार्वमत घेतले. ६२ टक्के मते बाजूने पडली. हे एका गाण्याने घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; त्यामागे कार्यकर्त्यांची कित्येक वर्षांची पायपीट होती. पण त्या दिवशी मतदान केंद्रापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या तरुण पोरापोरींना हे गाणे तोंडपाठ होते.