वायंगणी, भरड, कोचरे: मालवण किनाऱ्यावरची नावं

मोबाइलवर ‘वायंगणी’ असं शोधलंत तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात निदान दोन गावं सापडतात. एक मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या शेजारी. दुसरं वेंगुर्ला तालुक्यात, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. माझ्या धंद्यात एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या की पहिला संशय येतो तो डेटा दोनदा भरल्याचा. इथे तसं काही नाही. वायंगण म्हणजे पावसाळी भात कापून झाल्यावर हिवाळ्यात, साठवलेल्या किंवा वाहत्या पाण्यावर घेतलेलं भाताचं दुसरं पीक. हे पीक निघेल इतकं पाणी ज्या गावात टिकतं ते वायंगणी. दोन्ही गावांची एकमेकांशी ओळख असायची गरजच नव्हती.

आता ही गोष्ट साधी वाटते. पण कोकणात पाऊस धो धो पडतो आणि जांभा दगड त्यातलं फारसं धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात याच भागात बायका कळशी घेऊन लांब चालत जातात. अशा मुलखात ज्याने पहिल्यांदा एखाद्या जागेला ‘वायंगणी’ म्हटलं, त्याने पुढच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची माहिती नावातच ठेवून दिली: इथे वर्षाला दोनदा भात होतो, इथे राहा.

गावांच्या नावांच्या गोष्टी आपण सहसा उलट्या टोकाने ऐकतो. अमुक राजा आला, तमुक देव प्रसन्न झाला, पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं. मला त्या गोष्टी आवडतात, पण त्या बहुतेक वेळा नाव पडल्यावर जुळवलेल्या असतात. नाव ठेवणाऱ्या माणसाला त्या दिवशी राजाची नाही, पायाखालच्या जमिनीची काळजी होती. मालवण शहरातच बघा. बाजाराच्या तोंडावरचा भरड नाका सगळ्यांना माहीत आहे. भरड म्हणजे उंचावरची, खडीची, पाणी न धरणारी जमीन, जिथे भात सोडून नाचणी-वरी घ्यायची. शेतकऱ्याने नाक मुरडून ठेवलेलं हे नाव. आज त्याच भरडावरच्या दुकानाच्या गाळ्याला शेतजमिनीच्या कित्येक पट भाव आहे. रेवतळ्याच्या नावात वाळू आहे, मेढ्याच्या नावात लाकडी खांबांचा कोट. मेढेकोट हा शब्द दगडी तटाआधीच्या संरक्षणाचा आहे.

खुद्द मालवणच्या नावाबद्दल दोन व्युत्पत्ती चालतात. एक, माडांचं बन, म्हणून माडबन आणि त्याचं मालवण. दुसरी, महा-लवण, म्हणजे मिठाची मोठी जागा. माडबनवाली पर्यटनाच्या पोस्टरवर छान दिसते, पण मला पटत नाही. तिच्यासाठी ‘ड’चा ‘ल’ आणि ‘न’चा ‘ण’ असे दोन्ही बदल मान्य करावे लागतात. शिवाय थोडं उत्तरेला, राजापूर तालुक्यात, माडबन नावाचं गाव आजही आहे, जैतापूर प्रकल्पामुळे बातम्यांत आलेलं. तिथल्या माणसांनी शतकानुशतकं माडबनच म्हटलं, त्याचं मालवण केलं नाही.

महालवणात शेवटचा ‘ण’ आपसूक मिळतो आणि या किनाऱ्यावर मिठागरं होतीच. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह शिरोड्याला झाला तो उगाच नाही. तरी एक अडचण उरते. लोक मिठाला मीठ म्हणतात. देवगड तालुक्यात मिठबाव आहे, मिठमुंबरी आहे. तिथे नाव ठेवणाऱ्यांना संस्कृत लवण आठवलं नाही, मग मालवणच्याच लोकांना का आठवावं? मला तिसरी वाट जवळची वाटते. मराठीत लवण म्हणजे सखल, खोलगट जागासुद्धा, जिथे उतारावरचं पाणी येऊन थांबतं. मालवणच्या भोवतीची खाडी, दलदल आणि चढावरचं भरड एकत्र बघितलं की ‘मोठी लवण’ हे नाव शेतकऱ्याच्या तोंडी सहज बसतं. हा माझा अंदाज. वाद घालायला हरकत नाही, मालवणी माणसाला तर नाहीच नाही.

तारकर्लीचंही असंच. रिसॉर्टच्या वेबसाइटवर तारे आणि चांदणं असतं. पण खाली गोव्यात होडीने पलीकडे जायच्या जागेला तार म्हणतात, आपल्याकडे तर आणि तारी हे शब्द आहेत, आणि गावाच्या पाठीशी वाहणाऱ्या नदीचं नाव कर्ली. कर्लीवरची तार. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी असलेल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर राहणाऱ्याला तारीशिवाय बाजार नव्हता, की सोयरीक नव्हती.

हे सगळं तर्काचं झालं. पण एका गावाच्या बाबतीत कागद आहे, म्हणजे तांबं आहे. वेंगुर्ला तालुक्यात निवतीजवळ कोचरे गाव आहे. सातव्या शतकाच्या मध्याला बदामीच्या चालुक्य घराण्यातली राणी विजयभट्टारिका, दुसऱ्या पुलकेशीची सून, हिने दिलेल्या दानाचा ताम्रपट या गावी सापडला. एकोणिसाव्या शतकात जॉन फेथफुल फ्लीट यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात गावाचं नाव आहे ‘कोच्चुरक’. तेराशेहून जास्त वर्षांत चालुक्य गेले, शिलाहार, विजापूरकर, सावंत, पोर्तुगीज, इंग्रज येऊन गेले, आणि कोच्चुरकाचं एवढंच झालं: कोचरे. शेवटचा ‘क’ झिजला आणि जोडाक्षर सुटलं. जवळच्याच नेरूरलाही चालुक्यांचे ताम्रपट सापडले आहेत. म्हणजे हा किनारा तेव्हाही ओसाड नव्हता; दान द्यावी अशी, हद्द आखलेली, नाव असलेली जमीन होती. नाव राणीने ठेवलेलं नाही. लेखनिकाने गावकऱ्यांच्या तोंडचं नाव संस्कृतचं वजन चढवून लिहिलं असणार.

वरून लादलेली नावं किती टिकतात याचं उलट उदाहरण मालवणच्याच समोर पाण्यात आहे. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. किल्ला सांभाळणं परवडेना, पाडणंही जमेना, शेवटी तो कोल्हापूरकरांना परत केला. ऑगस्टस हा शब्द आज मालवणात कुणालाही विचारून बघा. उलट सिंधुदुर्ग हे नाव १ मे १९८१ रोजी किल्ल्यावरून उतरून अख्ख्या जिल्ह्याला मिळालं, समुद्रापासून दूर असलेल्या वैभववाडीलासुद्धा.

मग पहिले आलेले कोण होते? त्यांची यादी कुठे नाही. त्यांची जागा मात्र गावऱ्हाटीत राखलेली आहे. गाऱ्हाणं घालताना ग्रामदेवतेबरोबर मूळपुरुषाला आणि पूर्वसाला हाक मारतात. त्यांना नाव नसतं, फक्त ‘आधीचे’ म्हणून मान असतो. सातेरीची पूजा कित्येक ठिकाणी वारुळाच्या रूपात होते, म्हणजे ज्या मातीत गाव वसलं तीच देवी.

नावं मात्र वाड्यांना आहेत, आणि इथे गोष्ट गोड राहत नाही. धुरीवाडा, देऊळवाडा, गवंडीवाडा ही नावं कौतुकाने सांगता येतात. पण त्याच पद्धतीने कोकणातल्या गावोगावी महारवाडी, चांभारवाडी अशीही नावं पडली, आणि ती नावं ठेवणारे त्या वाडीत राहत नव्हते. कोण कुठे राहणार, पाणी कुठून भरणार हे त्या नावाने ठरवलं, आणि मुंबईत नोकरीला गेलेल्या पोराच्या अर्जावर पत्त्याच्या रकान्यातून ते पुन्हा त्याच्या पुढ्यात आलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावं द्यायचा निर्णय घेतला. इतिहासाचा पुरावा पुसला जातो, अशी कुरकूर मी ऐकली आहे, ती करणाऱ्यांपैकी कुणाच्याच पत्त्यात तसलं नाव नव्हतं. पुरावा दप्तरात जपता येतो. तो कुणाच्या आधार कार्डावर जपायची गरज नाही.

खरी गळती दुसरीकडेच आहे. सातबारा उघडा, आता तो मोबाइलवरही दिसतो. त्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना आहे. गावाच्या आणि वाडीच्याही खालची ही पातळी: एकेका कुणग्याचं नाव, जे फक्त नांगर धरणाऱ्याला आणि लावणीच्या बायकांना लागायचं. आमच्या एका कुणग्याला आजी ‘बावकडचो’ म्हणते. बाव म्हणजे विहीर. ती माझ्या जन्माआधीच बुजली. सातबाऱ्यावर गट क्रमांक बरोबर आहे, क्षेत्र बरोबर आहे, आणि त्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही.